रानमोडीची मिरवणूक

आमच्या घरात आई आणि अप्पाकाका एकमेकांशी बोलत नसत. भांडण नव्हतं, उलट मान होता. अप्पाकाका बाबांचे थोरले भाऊ, म्हणजे आईचे थोरले दीर, आणि धाकट्या भावाच्या बायकोनं थोरल्या दिराशी समोरासमोर बोलायचं नाही, अशी आमच्यात रीत. त्यामुळे दोघांना एकमेकांना काही सांगायचं झालं की मध्ये मी लागायचे. आई चुलीपाशी, काका ओटीवर खांबाला टेकून, मध्ये जेमतेम एक दार. आई म्हणायची, "बाय, काकाला इचार, च्या अजून ओतू काय?" मी मान वळवून विचारायचे, "काका, च्या अजून ओतू काय?" काकांनी ते पहिल्यांदाच नीट ऐकलेलं असायचं, कपसुद्धा पुढे केलेला असायचा, तरी मी विचारेपर्यंत ते थांबायचे आणि मग मला सांगायचे, "तुझ्या आयला सांग, अर्धा कप." तोवर आईनं अर्धा कप ओतलेलाही असायचा. आता नायगावच्या आमच्या बिल्डिंगमध्ये मुलगा आणि सून एकाच सोफ्यावर बसून एकमेकांना मोबाईलवर मेसेज पाठवतात, तेव्हा मला हसू येतं. आमच्याकडे ही सोय फार आधीपासून होती आणि तिला चार्जिंग लागत नव्हतं.

आमचं कुरण आमच्या गास गावाच्या पश्चिमेला, भातशेती संपते आणि खाऱ्या पाण्याचं खाजण सुरू होतं त्यामधल्या उंचवट्यावर होतं. आई लग्न होऊन आली तेव्हा तिथे काटेरी झुडपं आणि दगड होते म्हणे. ती तिनं वर्षानुवर्षं काढली, मारवेल गवताचं बी मिळवून हातानं पेरलं, आणि त्या तुकड्याचं असं कुरण केलं की श्रावणात वाऱ्यावर ते आडवं झालं की बघत राहावं. आमच्या तीन म्हशी त्यावर जगत होत्या. त्यांची नावं मोठी, मधली आणि धाकटी. नावं ठेवण्यात वेळ घालवायला आईला सवड नव्हती. पहाटे मला जाग यायची ती बादलीच्या रिकाम्या पत्र्यावर पडणाऱ्या दुधाच्या धारेनं. आधी टणटण वाजायचं, मग बादली भरत गेली की तोच आवाज जाड आणि मऊ व्हायचा, आणि त्यातच लांबून चर्चची घंटा मिसळायची. म्हैस व्याली की घरात खरवस, एरवी तांदळाची भाकरी आणि वर ताजं लोणी, आणि दुपारी आई कुरणातून आली की तिच्या लुगड्याला गवताचा गोड, कोरडा वास. तो वास आला की घरात सगळं ठीक आहे असं मला वाटायचं. अजूनही कुठे कापलेलं गवत वाळत घातलेलं असलं की मी विनाकारण थांबते.

पण कुरण आईच्या नावावर नव्हतं. ते दोघा भावांचं होतं. स्टेशनच्या बाजूनं बिल्डिंगा सरकत आमच्या दिशेला यायला लागल्या तेव्हा एका बिल्डरचा माणूस ओटीवर येऊन बसला, उन्हात वाळवलेल्या केळ्यांची सुकेळी खाऊन गेला, आणि दोघा भावांत एक बोलणं झालं. म्हशी जोवर त्या कुरणावर जगतात तोवर ते ठेवायचं, गवत संपलं की विकायचं. बाबा मुंबईत कापडाच्या दुकानात कारकून होते, स्वभावानं गरीब, ते "बरंय" म्हणाले. आई दाराआड उभी होती. तिला कोणी विचारलं नाही आणि तिनंही माझ्यामार्फत काही कळवलं नाही. फक्त त्या दिवसापासून ती कुरणात शिरताना फाटकापाशी थांबून लुगडं झाडायची, पायाची माती दगडावर घासायची आणि मगच आत पाऊल टाकायची. देवळात जातात तशी.

आता अप्पाकाकांबद्दल. गावात कोणतीही समिती निघाली की काका तिचे अध्यक्ष असायचे, आणि बरेच दिवस निघाली नाही तर ते स्वतः काढायचे. उंचेपुरे, पांढरं धोतर, खिशाला पेन, आणि आवाज असा की खासगीत बोलले तरी सभा भरल्यासारखं वाटावं. एका उन्हाळ्यात त्यांनी कुरणापर्यंत रस्ता करायचं मनावर घेतलं. रस्त्याची गरज कोणाला नव्हती, म्हशी तर पायवाटेवर खूश होत्या, पण उद्घाटनाला कोणी मोठा माणूस बोलवायचा तर त्याची जीप आत कशी येणार, हा काकांचा प्रश्न होता. म्हणून कुठल्याशा डोंगराकडून मुरमाचे ट्रक आले, मुरूम पसरला, हार घातले गेले, जीप आली आणि गेली. पुढच्या पावसात त्या मुरमाच्या कडेनं एक झुडूप उगवलं. तीन टोकांची पानं, चुरगळलं की उग्र वास. मोठीनं हुंगलं आणि तोंड फिरवलं. त्या झुडपाला रानमोडी म्हणतात हे आम्हाला मागाहून कळलं. तोवर काका त्याला "इनासचं झाड" म्हणत, कारण ते शेजारच्या इनासमामांच्या बांधाला लागून होतं, आणि इनासमामा त्याला "तुमच्या अप्पाचं झाड" म्हणत, कारण त्यांना डोळे होते.

इनासमामांचं शेत आमच्या कुरणाला लागून. त्यांची एक गाय, आणि तिलाही ते पान चालत नव्हतं. "अप्पा," ते बांधावरून म्हणाले, "ह्ये तुझ्या मुरमातनं आलंय रे. पानी हाय तवर उपटून टाक. दोघं मिलून उपटू." काकांनी शांतपणे मान हलवली आणि म्हणाले, "इनास, असा घाईनं निर्नय घेता येत नाय. ह्याची चौकशी होयाला पायजे." त्याच संध्याकाळी आमच्या ओटीवर कुरण बचाव समिती जन्माला आली.

आई आत कांदाभजी तळत होती. समितीचं पहिलं काम ठराव, दुसरं भजी, आणि दोन्हींत काही कमी पडू नये यासाठी चहाचं दूध आमच्याच म्हशींचं. पहिल्या बैठकीत झाड कोणाचं यावर चर्चा झाली, दुसऱ्या बैठकीत चर्चा कोणी कोणाला काय म्हटलं यावर, तिसऱ्या बैठकीत फलकाचा रंग हिरवा की पिवळा यावर. तोवर श्रावण सरला. आईनं आमच्या बाजूला उगवलेली रोपं एकेक करून मुळासकट काढली होती, पण मुरमाच्या कडेचा आणि बांधावरचा मोठा झुपका तसाच होता. एक दिवस ती कोयता घेऊन तिकडे निघाली, तर काका फाटकात आडवे.

"बाय, तुझ्या आयला सांग, त्याला हात लावू नको. तो पुरावा हाय."

मी सांगितलं. आई कोयता हातात धरून उभी. "बाय, काकाला सांग, पुरावा वाढतोय."

"तिला सांग, समितीची पाहनी होईल. पंचनामा होईल. मग रीतसर काढू."

"काकाला सांग, ओल्या मातीत हातानं निघतंय. माती सुकली की आतलं मूल तुटंल, मूल तुटलं की परत फुटंल. फूल आलं की मंग बी वाऱ्यावर जाईल."

हे सगळं मी शब्दनशब्द सांगितलं. मधलं अंतर दोन हातांचं असेल. काकांनी आधी आईचं ऐकलं, मग माझं ऐकलं, मग पेन काढून तळहातावर टिपून ठेवल्यासारखं केलं आणि म्हणाले, "सूचना चांगली हाय. बैठकीत मांडू." आई वळली. दिराचा शब्द ओलांडून हात चालवणं तिच्यानं झालं नाही. मला तेव्हा तिचा फार राग आला होता. इतकं कळतं तर बोलत का नाही, असं वाटायचं. आज वाटतं, बोलायला जागा असायला लागते आणि तिच्या वाट्याला मी एवढीच जागा होते.

पाहणी झाली दिवाळीनंतर. तोवर पुरावा माणसाच्या डोक्याच्या वर गेला होता. थंडीत त्याला फिकट जांभळी फुलं आली, इतकी की लांबून बगीचा वाटावा. काका फुलांसमोर उभे राहिले, समिती त्यांच्यामागे उभी राहिली, आणि फोटो काढला गेला. तो फोटो आमच्या भिंतीवर बरीच वर्षं होता. कुरण वाचवणारे पुढे आणि कुरण खाणारं मागे, आणि दोघंही टवटवीत. आमच्या सोसायटीत परवा हिरवळ लावायची म्हणून नर्सरीतून माती आली, तिच्यातून काँग्रेस गवत उगवलं, आणि चेअरमननी "आपली बाग बहरली" असं लिहून ग्रुपवर टाकलं. खाली पन्नास जणांनी हात जोडले. मी जोडले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी खाली जाऊन उपटत बसले, तर वॉचमननं विचारलं, मावशी, परमिशन आहे का?

होळीच्या आधी समितीला एकदम सुचलं की होळीला लाकूडफाटा लागतोच, आणि रानमोडी ओलीसुद्धा भडाभडा पेटते, तर एकाच दमात दोन्ही कामं उरकावीत. हा ठराव एकमतानं झाला. पुराव्याला जाळण्याची परवानगी एकदाची मिळाली. आमच्याकडे होळीला वाडीतली उंच सुपारी तोडून आणतात, खांद्यावर घेऊन ढोलाच्या तालावर नाचवत गावभर फिरवतात, बायका तिला हळदकुंकू लावून नारळ वाढवतात, आणि मग ती उभी करून भोवती होळी रचतात. त्या वर्षी सुपारीला वरपासून खालपर्यंत रानमोडीचे भारे बांधले. फुलांचं बी झालं होतं. प्रत्येक बोंडाला पांढरी मऊ म्हातारी, नुसती फुंकर मारली तरी उडणारी. आणि काकांनी जाहीर केलं की ही सुपारी नेहमीच्या वाटेनं न नेता आधी सगळ्या कुरणातून फिरवायची. "त्या तनाला त्याची गत दाखवायची. ज्या जागेवर त्यानं आक्रमन केलं, त्याच जागेवरनं त्याची मिरवनूक काढायची." टाळ्या पडल्या.

आई पुरणपोळ्या टाकून फाटकात आली. हाताला पीठ तसंच. समोर ढोल, त्यामागे सुपारी, सुपारीवर पांढरी धूळ उठल्यासारखी. "बाय," आई माझ्या कानाशी म्हणाली, "काकाला सांग, गवतातनं नको. बांधावरनं न्या. पाया पडते सांग." मी ओरडले. ढोल जोरात होता. काका माझ्याकडे बघत होते, माझ्या तोंडाकडे, आणि त्यांनी कानाला हात लावून "ऐकू येत नाय" अशी खूण केली. त्यांना ऐकू आलं होतं हे मला माहीत होतं आणि आईलाही. पण होळी दारात आली की तिला अडवायची नसते, ती देवाची. आईनं फाटक उघडलं, कुंकू लावलं, नारळ दिला, आणि बाजूला झाली. मिरवणूक सरळ आत शिरली, विहिरीकडे वळली, जांभळाखाली थांबली, तिथे गोल धरून सगळे नाचले, काकांनी दगडावर चढून चार शब्द सांगितले, आणि मग पलीकडल्या टोकानं बाहेर पडली. पोरं उडणाऱ्या म्हाताऱ्या पकडायला धावत होती. इनासमामा त्यांच्या बांधावर हाताची घडी घालून उभे होते. ते ख्रिस्ती, त्यांचा ईस्टरआधीचा उपवासकाळ चालू होता, म्हणून ते दरवर्षी आमच्याकडे मटणाऐवजी पुरणपोळी खायला येत. त्या दिवशी ते जेवले आणि जाताना आईला म्हणाले, "ताई, फार गोड झाली." आईनं मान हलवली. तिनं स्वतः काही खाल्लं नव्हतं.

पुढच्या पावसात एका सकाळी मी पेंढ्यांच्या राशीवर, आमच्याकडे तिला उडवी म्हणतात, म्हशींसाठी पेंढे काढायला चढले आणि तिथेच बसले. वरून सगळं कुरण दिसत होतं. मारवेलच्या हिरव्यात दुसराच एक हिरवा पट्टा उगवला होता. फाटकातून सरळ आत, विहिरीपाशी वळण, जांभळाखाली गोल, आणि पलीकडल्या टोकानं बाहेर. मिरवणूक जशीच्या तशी उगवली होती. जिथे नाच रंगला होता तिथे दाट, जिथे ढोलवाले भराभर चालले होते तिथे विरळ, आणि सगळ्यात गच्च ठिकाण होतं काकांच्या भाषणाच्या दगडाभोवती. मी आईला हाक मारली. ती वर आली, बघितलं, आणि माझा हात धरला. आई घाबरलेली मी त्याआधी कधी बघितली नव्हती.

काकांना आम्ही वर चढवलं. त्यांनी कमरेवर हात ठेवून डावीकडून उजवीकडे पाहिलं, स्वतःचं भाषण कुठे झालं तेही पाहिलं असणार, आणि म्हणाले, "यंदा पाऊसच फार झालाय." मग उतरताना बाबांना म्हणाले, "ह्यावर म्हशी जगतील असं वाटत नाय. तो मानूस परत इचारत व्हता." बाबा म्हणाले, "बघू." आमच्या घरात "बरंय" नंतर "बघू" हा मोठाच विरोध होता.

त्या पावसात आई कुरणातच राहिली म्हणायला हरकत नाही. डोक्यावर इरलं, गुडघे चिखलात, एकेक रोप मुळाशी धरून. शाळेतून आले की मीही. पलीकडून इनासमामा त्यांच्या बाजूचं काढत यायचे, आणि संध्याकाळी बांधावर दोन ढीग व्हायचे. धाकटीचं दूध कमी झालं, आई तिच्याशी बोलत बसायची, "थांब बाय, थांब जरा." दसऱ्यापर्यंत पट्टा फिका पडला. जांभळाखालचा गोल गेला. दगडाभोवतीचं शेवटपर्यंत निघत होतं. म्हशी तिन्ही राहिल्या. पण गावाच्या बाकीच्या तुकड्यांत कोणी वाकलं नव्हतं, तिथे रानमोडी पुन्हा फुलली, पिकली, आणि होळी आली.

आणि मिरवणूकही आली. एकदाच झालेली गोष्ट आमच्या गावात दुसऱ्या वर्षी परंपरा होते. तशीच सुपारी, तसेच भारे, तशीच पांढरी धूळ, पुढे काका. आई फाटकात उभी. मी तिच्या शेजारी, तोंड उघडून, ती काय सांगते याची वाट बघत. तिनं माझ्याकडे बघितलंच नाही. डोक्यावरचा पदर नीट केला आणि सरळ पुढे बघून म्हणाली, "भावजी, थांबा."

ढोल थांबला. कोणी थांबवला नाही, तो आपोआप थांबला. एवढ्या वर्षांत तिचा आवाज काकांच्या अंगावर असा कधी पडला नव्हता. काकांनी आजूबाजूला पाहिलं, मग मी सापडले तसा त्यांना धीर आला. "बाय, तुझ्या आयला सांग—"

"बायला नका सांगू," आई म्हणाली. "मना सांगा. मी अटेच हाय, तुमच्या समोर."

ज्या माणसानं उभ्या आयुष्यात एक भाषण अर्धं सोडलं नव्हतं त्याचं हे वाक्य अर्ध्यावरच राहिलं. आई बोलतच होती, हळू, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं. "होली देवाची हाय, मी पाया पडते. ती बांधावरनं जाईल. गवत माझ्या म्हशींचं हाय. त्यातनं ती जानार नाय. आनी कोनाला पानी प्यायला आत यायाचं आसंल तर त्यानं कापडं झाडून यावं. तुमी पन, भावजी. धोतर झाडा."

बायकांनी पदर तोंडावर धरले. कोणीतरी हसलं, ते बहुतेक इनासमामा. काका लालबुंद झाले. मला वाटलं आता ओरडतात, आता बाबांना बोलवतात, संपलं. पण काकांनी खाली बघितलं. धोतराच्या काठाला, निऱ्यांत, मनगटाच्या केसांत पांढऱ्या म्हाताऱ्या बसल्या होत्या, शेकड्यांनी. मग त्यांनी दोन्ही हातांनी धोतर धरलं आणि बांधावर उभं राहून झाडलं, एकदा, दोनदा, आणि गर्दीकडे वळून मोठ्यानं म्हणाले, "हे मी समितीत कधीचं सांगतोय! होळी बांधावरनंच न्यायची असते! आनी प्रत्येकानं वस्त्रं झाडायची!" समितीनं लगेच झाडली. मिरवणूक बांधावरून गेली. आई घरात आली आणि पोळ्या लाटायला बसली, आणि तिची पहिली पोळी फाटली. ती मी खाल्ली.

पुढे काका गावोगाव "वस्त्रझाडणी" या विषयावर बोलत हिंडले, आणि ती त्यांची कल्पना म्हणून त्यांना शालसुद्धा मिळाली. आईनं ती शाल म्हशीच्या रेडकावर घातली नाही एवढाच तिचा मोठेपणा. कुरण राहिलं. आता त्याच्या तिन्ही बाजूंना बिल्डिंगा आहेत, आणि इनासमामांचा नातू त्यात चार गाई चारतो. आई आणि काका त्या दिवसानंतर पुन्हा एकमेकांशी बोलले नाहीत. रीत पुन्हा सुरू झाली, पुन्हा दार मध्ये, पुन्हा मी, आणि मी सासरी गेल्यावर माझ्या जागी थोरल्या भावाची मुलगी. मला हे कधी नीट कळलं नाही. एवढं झाल्यावर निदान चहाचं तरी थेट विचारावं की नाही!

आई गेली तेव्हा काका फार थकले होते, काठीशिवाय चालवत नव्हतं, नजर अधू. आईला माजघरात ठेवलं होतं. माणसं येत होती, आत शिरत होती. काका उंबऱ्याशी आले आणि थांबले. कोणीतरी हात धरून आत घ्यायला गेलं तर त्यांनी हात सोडवला, काठी माझ्याकडे दिली, आणि भिंतीला खांदा टेकवून, दोन्ही हातांनी धोतर धरून झाडलं. पुढून झाडलं, मागून झाडलं. मग आत आले, आईच्या पायाशी उभे राहिले, आणि सवयीनं मला शोधलं.

"बाय," ते म्हणाले, "तुझ्या आयला सांग, झाडून आलोय."